न लिहिलेल्या नियमांची किल्ली : संशोधनाच्या वाटेवरचे नेहमीचे प्रश्न

महानुभाव पंथाच्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीत लिहिल्या गेल्या. या लिपीत फार अवघड असे काही नव्हते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वाचायचे, एवढाच तिचा संकेत. पण तो पंथाबाहेर कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून आद्य मराठी गद्याचे एवढे मोठे भांडार बाहेरच्या माणसाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उकलली आणि मग वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांच्या हाती एकेक ग्रंथ येत गेला. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून या पंथात माहूरचे महत्त्व मोठे. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही ऐकून माहीत असते.

विद्यापीठातल्या संशोधनाचेही बरेचसे असेच आहे. नियम छापलेले असतात, ते कोणालाही वाचता येतात. रीत मात्र कुठेच छापलेली नसते. गाईडला पहिले पत्र कसे लिहावे, कोणत्या अंकात निबंध द्यावा, कोणाच्या घरची पोथी कशी मागावी, हे ज्याच्या घरात प्राध्यापक आहे त्याला जेवताना आपोआप कळते. किनवट-माहूरच्या तांड्यावरून किंवा कोलामांच्या पोडावरून घरातला पहिलाच म्हणून विद्यापीठात पोचलेल्या मुलाला ते कोणी सांगत नाही.

याला इतिहासही आहे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, तेव्हा तिथे शिकायचे ते उर्दूतून. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. म्हणजे आपल्या जिल्ह्यांत विद्यापीठ येऊन एक पिढी नुकती उलटते आहे. पुण्या-मुंबईत आजोबांकडून नातवाला जे मिळाले, ते आमच्याकडे अजून बापाकडेही पोचलेले नाही.

माझे स्वतःचे शिक्षण पदवीपुढे गेले नाही. मोडी, पोथ्या आणि या परिसराचा इतिहास एवढाच माझा व्यासंग. पण त्याच कारणाने गेली बरीच वर्षे विद्यार्थी घरी येतात, आणि विषय कोणताही असला तरी त्यांचे प्रश्न तेच असतात. ते इथे त्यांच्याच शब्दांत मांडले आहेत. उत्तरांतला नियमांचा भाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमावलीवरून घेतला आहे, रीतीचा भाग पाहण्या-ऐकण्यातून.

सर, पीएच.डी. केली म्हणजे नोकरी लागते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे, त्याने ज्ञानासाठी ज्ञान या गप्पा ऐकून सहा वर्षे घालवावीत असे कोणी म्हणू नये. उत्तर असे की, सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. महाराष्ट्रातली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. म्हणून केवळ नोकरी हाच हेतू असेल, तर आधी नेट-सेटचा अभ्यास करावा. जेआरएफ मिळाली तर पुढचे संशोधनही स्वतःच्या पैशाने करावे लागत नाही. २०२३ च्या वाढीनंतर ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या वेगळ्या. त्यांच्या जाहिराती निघतात तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून जातीचे, उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले आधीच तयार असावेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पात्रता असूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे डॉक्टर आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. पदवीने दार उघडेलच असे नाही. हे नोंदणीच्या आधी कळलेले बरे, पाचव्या वर्षी कळले तर माणूस कडवट होतो.

विषय कसा निवडायचा?

बहुतेक जण विषय मागायला येतात. 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' किंवा 'तमुक तालुक्यातील बचत गटांचा अभ्यास' अशा साच्यातला विषय मिळाला की समाधान होते. असे विषय वाईट नसतात, पण त्यांत आपला प्रश्न नसतो. विषय ठरवण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. साधने माझ्या आवाक्यात आहेत का? ती ज्या भाषेत आणि लिपीत आहेत ती मला येते का, किंवा वर्षभरात शिकता येईल का? आणि यावर आधी कोणी काय केले आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता घरबसल्या मिळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध मोफत वाचता येतात. आठ दिवस तिथे बसले की आपल्या विषयावर कोणी काय लिहिले, कुठे थांबले आणि कोणी कोणाचे उतरवले हेही दिसते.

ज्या मुलाला कोलामी येते, गोरबोली येते, त्याच्याकडे एक साधन जन्मतः आहे. ते तो बहुधा कमीपणाचे समजून लपवतो. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक, आणि ती आपल्या दारात आहे. बाहेरच्या अभ्यासकाला ही भाषा शिकायला वर्षे लागतात. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या प्रशासकीय सेवेत होते. आदिलाबाद भागात काम करताना ते गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहून गेले. नेमणूक महसुलाची, पण कान उघडे होते. ज्याची ती घरचीच भाषा आहे त्याने तिच्यावर काम करायला संकोच का करावा?

गाईड मिळत नाही, काय करू?

इथे आधी गणित समजून घ्यावे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सरांनी नाही म्हटले की ते आपल्याला तुच्छ समजतात असे नसते. पुष्कळदा जागाच नसते. कोणाकडे किती जागा आहेत ही माहिती विद्यापीठाकडून मिळते. ती पाहून मग पत्र लिहावे.

पत्र एका पानाचे असावे. आपण कोण, कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे, त्यासाठी काय वाचले, कोणती साधने पाहिली, आणि त्या प्राध्यापकांचा कोणता लेख किंवा ग्रंथ वाचून त्यांच्याकडे यावेसे वाटले. शेवटचा मुद्दा खरा असावा. न वाचता केलेली स्तुती दुसऱ्या वाक्यातच ओळखू येते. 'आपण द्याल तो विषय घेईन' हे वाक्य नम्रतेने लिहिले जाते, पण चांगल्या मार्गदर्शकाला ते नको असते.

आता थोडे नाजूक. आपल्याकडे गुरू-शिष्याचे नाते घरगुती असते. सरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहणे यात कोणाला गैर वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण गाडी चालवणे, किराणा आणणे, सरांच्या नावावर छापायचा लेख लिहून देणे, प्रत्येक सहीसाठी पाकीट नेणे, ही सेवा नव्हे. यातले काही घडत असेल तर तारीखवार टिपून ठेवावे. मार्गदर्शक बदलून मागता येतो. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला काम मांडायचे असते, तिथे लेखी म्हणणे देता येते. लग्नानंतर गाव बदलावे लागलेल्या विद्यार्थिनीला तिच्या संशोधनासह दुसऱ्या संस्थेत जाण्याची तरतूदही नियमांत आहे. ती माहीत नसल्यामुळे काम सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

किती टक्के चालतं?

म्हणजे दुसऱ्याचे किती उतरवले तर चालते. २०१८ च्या नियमांत याचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, चाळीस ते साठला वर्षभर बंदी आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. पण टक्केवारी हे यंत्राचे मोजमाप आहे. नऊ टक्के चोरी ही चोरीच असते, आणि अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेला दीर्घ उतारा चोरी नसतो. मराठीतला मजकूर पकडण्यात ही यंत्रे अजून कच्ची आहेत, याचाच फायदा घेऊन प्रबंध लिहून देणारी दुकाने तालुक्याच्या गावीही चालतात. ती पैसे घेतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जुना प्रबंध गावाची नावे बदलून देतात. यंत्राला तो सापडला नाही तरी शोधगंगेवर तो कायमचा राहतो, लेखकाच्या नावासह. दहा वर्षांनी कोणी तरी दोन्ही प्रबंध शेजारी ठेवून वाचतोच.

निबंध कुठे छापू? आयएसएसएन आहे ना, मग चालेल ना?

या गैरसमजापायी आपल्या भागात जेवढा पैसा वाया गेला असेल तेवढा दुसऱ्या कशानेच गेला नसेल. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, जसा गाडीला नंबर असतो. नंबर असला म्हणजे गाडी चांगली असे कोणी म्हणत नाही. हजार-दोन हजार रुपये घेऊन आठ दिवसांत निबंध छापणारी, मराठी, वाणिज्य आणि प्राणिशास्त्र एकाच अंकात बांधणारी नियतकालिके हा व्यापार आहे. हे रोखण्यासाठी यूजीसीने २०१८ च्या अखेरीस 'केअर' यादीची घोषणा केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि अभ्यासकांवर आली. म्हणजे आता आपणच पाहायचे आहे.

पाहायचे ते असे. संपादक मंडळातली माणसे त्या विषयात खरोखर काम केलेली आहेत का? मागचे अंक वाचायला मिळतात का? लेख परत आल्यावर त्यावर कोणी काही टीपा केल्या आहेत का? आपल्या विषयातले जाणते लोक त्या नियतकालिकाचा संदर्भ देतात का? चारही उत्तरे नकारार्थी असतील तर पैसे वाचवावेत.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलेला असण्याची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश काय म्हणतो ते पाहावे, पण घाईघाईने कुठे तरी छापून आणण्याचे दडपण पूर्वीइतके राहिलेले नाही.

मराठीत लिहावे की इंग्रजीत, हा याचाच पोटप्रश्न. ज्या वाचकाने तपासावे असे वाटते त्याच्या भाषेत लिहावे. माहूरच्या पोथीवरचा लेख आधी मराठीत हवा, कारण तो चुकीचा असेल तर ते सांगणारी माणसे मराठीत वाचतात. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान', पुण्याची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', विदर्भ साहित्य संघाची 'युगवाणी', मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' ही नियतकालिके याच कामासाठी उभी राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद खराच, पण मराठीत तपासून लिहिलेला एक निबंध त्या दर्जाला अधिक उपयोगी आहे.

माहूरचा इतिहास लिहायचा, पण कागद कुठे आहेत?

स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्याचा हा सगळ्यात कामाचा प्रश्न. पहिला नियम असा की, आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर जुने कागद शोधू नयेत. 'आईन-ए-अकबरी'त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार आहे. पुढे हा मुलूख निजामाकडे राहिला. माहूर ज्यात होते तो किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्य पुनर्रचनेत नांदेडला आला. त्यामुळे नांदेडच्या जिल्हाधिकारी कचेरीत त्याआधीचे फारसे काही सापडले नाही म्हणून निराश व्हायचे कारण नाही. निजामी अमदानीचे दफ्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. पैनगंगेच्या पलीकडचा यवतमाळ जिल्हा मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, म्हणून नदीच्या दोन काठांचा इतिहास दोन वेगळ्या दफ्तरांत आणि वेगळ्या भाषांत विभागला आहे. फारसी, उर्दू आणि मोडी यांपैकी निदान एक आल्याशिवाय या विषयाला हात घालू नये. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेते, आणि नेटाने बसले तर साधे मोडी वाचायला सहा महिने पुरतात.

दफ्तरखान्यात जायला पीएच.डी. लागत नाही. ओळखपत्र, अर्ज आणि विषय नेमका सांगणारे चार ओळींचे पत्र पुरते. विद्यार्थ्याकडे विभागप्रमुखांचे पत्र असले तर काम लवकर होते. पहिल्या दिवशी कागद मागू नयेत, सूची मागावी. दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाशी बोलावे. कोणता रुमाल कुठे आहे हे सूचीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

खाजगी घरातल्या आणि मठातल्या पोथ्यांची रीत वेगळी आहे. आमच्या भागात अशी घरे आहेत जिथे पोथीची रोज पूजा होते, आणि अशीही आहेत जिथे संशोधक म्हणून आलेल्या कोणी तरी ती 'आठ दिवसांत देतो' म्हणून नेली आणि ती परत आली नाही. अशा घरात दुसऱ्या अभ्यासकाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. म्हणून पोथी घराबाहेर नेऊ नये. तिथेच बसून वाचावी, परवानगी असेल तर फोटो काढावेत, त्याची एक प्रत त्या घराला द्यावी आणि लेख छापून आला की अंक नेऊन द्यावा. घरच्यांनी एखादे पान दाखवायचे नाही म्हटले तर ते पान पाहू नये. त्या कुटुंबाने दोनशे वर्षे जपले नसते तर आपल्याला वाचायला काहीच उरले नसते. पदवी मिळाल्यावर ज्यांनी त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही, त्यांच्यामुळे पुढच्या दहा विद्यार्थ्यांचे दार बंद होते.

पदवी नसली तर कोणी मानतं का?

हा प्रश्न बहुधा शाळामास्तर, ग्रामसेवक, पुजारी, एखादी अंगणवाडी ताई असे लोक दबक्या आवाजात विचारतात. त्यांना मी नावे सांगतो. राजवाडे फक्त बी.ए. होते. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केले आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. रा. चिं. ढेरे यांचा 'दत्त संप्रदायाचा इतिहास' आज माहूरवर काम करणाऱ्याला टाळता येत नाही. तो त्यांनी पीएच.डी.च्या बऱ्याच आधी लिहिला. पदवी त्यांना १९७५ साली मिळाली. त्यानंतर आलेल्या 'लज्जागौरी'त त्यांनी रेणुकेच्या रूपाचा जो शोध घेतला, तो आमच्या गडावरच्या देवीकडे पाहण्याची दृष्टी बदलणारा आहे.

पण या नावांचा उलटा अर्थ काढू नये. त्यांनी शिस्त सोडली नव्हती. प्रत्येक विधानाला आधार, प्रत्येक आधाराला ठिकाण, आणि नवा पुरावा आला की जुने मत बदलण्याची तयारी, ही शिस्त पदवीधर नसलेल्याला दुप्पट पाळावी लागते. कारण विद्यापीठातल्या माणसाची चूक ही चूक ठरते, आपली चूक अडाणीपणा ठरते. हे न्यायाचे नाही, पण तसे आहे.

आता सोडून देऊ का?

पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढतात. स्त्रिया आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा आहे. नोकरी करणाऱ्याला संस्थेच्या ना-हरकत पत्रावर अर्धवेळ पीएच.डी. करता येते. एवढे माहीत नसल्यामुळे सोडून देत असाल तर सोडू नका. तिसऱ्या वर्षी काहीच पुढे सरकत नाही असे वाटते, ते जवळजवळ सगळ्यांना वाटते. त्या काळात रोज अर्धे पान लिहावे, मग ते वाईट का असेना. पण विषयाचा कंटाळा येऊन दोन वर्षे झाली असतील, घरचे कर्ज वाढत असेल, तर थांबण्यात नामुष्की नाही. जमवलेले साहित्य नीट सूची करून एखाद्या ग्रंथालयाला किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावे. अर्धवट प्रबंध कोणी वाचत नाही, पण नीट केलेली सूची पुढे पन्नास वर्षे वापरली जाते.

या उत्तरांत गुपित असे काहीच नाही. विद्यापीठाच्या आवारात वावरणाऱ्याला यातले बहुतेक ठाऊक असते. फक्त ते लिहून कोणी ठेवत नाही आणि बाहेरून आलेल्याने विचारले तर 'हळूहळू कळेल' म्हणतात. हळूहळू कळेपर्यंत कोणाची अधिछात्रवृत्ती हुकते, कोणाचे पैसे बनावट नियतकालिकात जातात, कोणी गप्प बसून गाव गाठतो. माझी विनंती ज्यांचे प्रबंध पूर्ण झाले आहेत त्यांना आहे. आपल्या विद्यापीठाचा, आपल्या विषयाचा, आपल्या तालुक्याचा असा चार पानांचा मजकूर लिहावा आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा. पुढच्या वर्षी प्रवेशाला येणाऱ्या मुलीला तो तिथे सापडला पाहिजे.